व्होल्टेज आणि करंटवरून रोध व शक्ती काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मोटर वाइंडिंगचे काम करताना आणि संध्याकाळी आयटीआयच्या मुलांकडून हिशोब करून घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही दहावीच्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही वायरमनचे, आणि बरेचसे मिरज, पलूस, वाळवा या भागांतील कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांचे. पाठ्यपुस्तकात ज्याला विभवांतर आणि विद्युतधारा म्हणतात, त्यालाच दुकानात व्होल्टेज आणि करंट म्हणतात. येथे दुकानातले शब्द ठेवले आहेत. भागाकारात चुकणारा माणूस मला क्वचितच भेटला. चूक होते ती कोणते व्होल्टेज आणि कोणता करंट हिशोबात घ्यायचा हे ठरवताना, म्हणून बहुतेक उत्तरे फिरून त्याच मुद्द्यावर येतात.

१. व्होल्टेज आणि करंट माहीत असतील, तर रोध आणि शक्ती कशी काढायची?

व्होल्टेजला करंटने भागले की रोध ओहममध्ये मिळतो आणि व्होल्टेजला करंटने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. समजा, चालू गिझरच्या टोकांशी २३० व्होल्ट आहेत आणि तो ८.७ अँपिअर घेतो आहे. तर त्याचा रोध २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम आणि शक्ती २३० × ८.७ = सुमारे २००० वॅट. या दोन सूत्रांतूनच उरलेली दोन निघतात: शक्ती = करंटचा वर्ग × रोध, आणि शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. अट एकच आहे. दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आणि एकाच वेळचे असले पाहिजेत. सकाळी बोर्डावर मोजलेले व्होल्टेज आणि दुपारी गिझरजवळ मोजलेला करंट यांचा भागाकार केला, तर उत्तर येते, पण ते कशाचेच नसते. गिझर, इस्त्री, शेगडी अशा केवळ उष्णता देणाऱ्या उपकरणांना हा हिशोब जसाच्या तसा लागू होतो. मोटरीसाठी प्रश्न १२ पाहावा.

२. व्होल्टेज, करंट आणि रोध हे समजून घ्यायला सोपे उदाहरण कोणते?

उंचावरची टाकी आणि तिच्यातून रानात उतरणारी पाइपलाइन डोळ्यांसमोर आणावी. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, मिनिटाला किती लिटर पाणी वाहते तो करंट, आणि पाइप जितका अरुंद व लांब तितका रोध अधिक. उंची वाढवली किंवा पाइप मोठा केला की पाणी जास्त येते. शक्ती मात्र केवळ उंचीवर किंवा केवळ प्रवाहावर ठरत नाही, दोहोंच्या गुणाकारावर ठरते. म्हणूनच उंचावरून पडणारी बारीक धार आणि सपाटीवरून वाहणारा मोठा पाट यांची ताकद सारखी असू शकते.

हे उदाहरण एका ठिकाणी फसते, आणि तेथे ते सोडून द्यावे. पाइप फुटला तर पाणी बाहेर सांडते, पण तार तुटली तर करंट सांडत नाही, तो थांबतो. वीज वाहायला पूर्ण फेरा लागतो.

३. मिलिअँपिअर, किलोओहम, युनिट यांत नेहमी गोंधळ होतो. काय लक्षात ठेवावे?

हिशोबाला बसण्यापूर्वी सर्व आकडे व्होल्ट, अँपिअर आणि ओहममध्ये आणावेत. ७० मिलिअँपिअर म्हणजे ०.०७ अँपिअर. व्होल्टला मिलिअँपिअरने भागले तर उत्तर थेट किलोओहममध्ये येते, ही एक सोयीची गोष्ट आहे. युनिट हे शक्तीचे नव्हे, तर ऊर्जेचे माप आहे: १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. त्यामुळे २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो.

४. मीटर नेमका कसा जोडायचा? करंट मोजताना माझा मीटर उडाला.

व्होल्टेज मोजताना मीटर वस्तूच्या दोन टोकांना समांतर लावायचा असतो, आणि करंट मोजताना फेरा तोडून मीटर मध्ये, म्हणजे एकसर, घालायचा असतो. करंट मोजणाऱ्या मीटरचा स्वतःचा रोध मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो, नाहीतर त्याच्यामुळेच करंट बदलेल. असा मीटर थेट प्लगच्या दोन भोकांत घातला, तर २३० व्होल्टला जवळजवळ शून्य ओहमने भागल्यासारखे होते, आणि फ्यूज किंवा मीटर यांपैकी काहीतरी जाते. मी स्वतः एकदा तारेची पिन दहा अँपिअरच्या भोकात विसरून त्याच मीटरने प्लगचे व्होल्टेज पाहायला गेलो होतो. तेव्हापासून मीटर हातात घेतला की आधी पिना कुठे आहेत ते पाहतो.

क्लॅम्प मीटरला तार तोडावी लागत नाही, म्हणून २३० व्होल्टवर तोच वापरावा. मात्र त्याच्या जबड्यात एकच तार धरायची असते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या, तर जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना काटतात आणि मीटर शून्य दाखवतो. रोध मोजताना तर वस्तू सप्लायपासून पूर्ण सोडवलेली असली पाहिजे; चालू वस्तूला ओहमच्या रेंजवर मीटर लावू नये.

५. १०० वॅटच्या जुन्या बल्बचा रोध हिशोबाने ५२९ ओहम येतो, पण मल्टीमीटर चाळीसच्या आसपास दाखवतो. मीटर बिघडला आहे का?

मीटरही बरोबर आहे आणि हिशोबही. २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम हा पेटलेल्या, अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या टंगस्टनच्या फिलामेंटचा रोध आहे; मल्टीमीटर दाखवतो तो थंड फिलामेंटचा. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि येथे तापमानातला फरक इतका मोठा आहे की रोध दहा ते पंधरा पटींनी बदलतो. म्हणून असा बल्ब बटण दाबण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि पुष्कळदा नेमका त्याच क्षणी जातो.

इस्त्री किंवा शेगडीच्या बाबतीत हा फरक जाणवत नाही, कारण त्यांच्या कॉइलमधल्या निक्रोम या मिश्रधातूचा रोध तापल्यावर थोड्याच टक्क्यांनी वाढतो. तेथे थंड असताना मीटरने मोजलेला रोध घेऊन वॅट काढले, तरी उत्तर जवळपास बरोबर येते.

६. रोध बदलत असेल, तर मग ओहमचा नियम चुकीचा ठरत नाही का?

नाही, पण येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. व्होल्टेज भागिले करंट ही रोधाची व्याख्या आहे आणि ती कोणत्याही वस्तूला, कोणत्याही क्षणी लावता येते. गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम त्याहून पुढची गोष्ट सांगतो: तापमान आणि इतर भौतिक स्थिती तीच राहिली, तर व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंटही दुप्पट होतो, म्हणजे हा भागाकार कायम राहतो. तांब्याची तार आणि निक्रोम हा नियम उत्तम पाळतात. तापत जाणारे फिलामेंट पाळताना दिसत नाही, कारण तापमान कायम ठेवण्याची अट मोडलेली असते. डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) आणि एलईडी तर त्या अटीतही पाळत नाहीत, आणि त्यांचा हिशोब वेगळ्या रीतीने करावा लागतो (प्रश्न १०). परीक्षेत नियम लिहिताना ‘भौतिक स्थिती कायम असताना’ हे शब्द गाळणारे विद्यार्थी नियमाचा गाभाच गाळतात.

७. एक सूत्र सांगते की रोध वाढला तर शक्ती वाढते, दुसरे सांगते की कमी होते. खरे कोणते?

दोन्ही खरी आहेत. जोडणीत काय सारखे राहते, ते आधी पाहावे. घरातली उपकरणे समांतर जोडलेली असतात, प्रत्येकाला तेच २३० व्होल्ट मिळतात, म्हणून तेथे ‘व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध’ हे सूत्र धरावे: रोध कमी, तर वॅट जास्त. एकसर जोडणीत सर्वांतून एकच करंट जातो, म्हणून तेथे ‘करंटचा वर्ग × रोध’ धरावे: ज्याचा रोध जास्त, तो जास्त तापतो.

मुलांना मी नेहमी ४० आणि १०० वॅटचे दोन फिलामेंटचे बल्ब एकसर जोडून दाखवतो. ४० वॅटच्या बल्बचा रोध १३२२.५ ओहम, १०० वॅटच्या बल्बचा ५२९, एकूण १८५१.५ ओहम आणि करंट ०.१२४ अँपिअर. म्हणजे ४० वॅटवाला सुमारे २० वॅटवर पेटतो आणि १०० वॅटवाला ८ वॅटवर जेमतेम लाल होतो. अर्धवट तापलेल्या फिलामेंटचा रोध कमी असल्यामुळे (प्रश्न ५) प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतात, पण लहान बल्ब मोठ्यापेक्षा उजळ दिसतो, हे बदलत नाही. सैल जोडावर हेच घडते. जोडाचा रोध थोडासाच असतो, पण तो भाराशी एकसर असतो, आणि भाराचा सगळा करंट त्याच्यातून जातो. १५ अँपिअर जात असताना जोडाचा रोध अवघा ०.१ ओहम असला, तरी त्या नखाएवढ्या जागेत २२ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. जळालेले प्लग आणि काळे पडलेले स्विच बहुतेक वेळा याच कारणाचे असतात.

८. शेगडीची कॉइल तुटली होती. तुटका तुकडा काढून उरलेली तार ओढून जोडली, तर आता शेगडी जास्त तापते. तार कमी झाली असताना उष्णता कशी वाढली?

तार कमी झाली म्हणूनच वाढली. १००० वॅटच्या कॉइलचा रोध ५२.९ ओहम असतो. तिचा पाचवा भाग काढून टाकला तर ४२.३ ओहम उरतात, आणि व्होल्टेज तेच २३० असल्यामुळे करंट ४.३५ वरून ५.४४ अँपिअरवर जातो, शक्ती १२५० वॅट होते. म्हणजे पूर्वीपेक्षा अडीचशे वॅट जास्त, आणि तेही पूर्वीच्या चार पंचमांश तारेत. तारेच्या प्रत्येक इंचावरचा भार त्यामुळे सव्वापट नव्हे, तर दीडपटीहून अधिक होतो.

आमच्याकडे अशी शेगडी आणणारे बहुतेक जण आधी खूश असतात, कारण दूध लवकर तापते. दोन-तीन आठवड्यांनी तीच कॉइल दुसऱ्या ठिकाणी तुटते, ती पुन्हा जोडली जाते, तेव्हा ती आणखी आखूड होते, आणि प्रत्येक दुरुस्तीमागे पुढची दुरुस्ती लवकर येते. शिवाय पीळ देऊन केलेल्या जोडावर वेगळीच उष्णता साठते, तिचे कारण प्रश्न ७ मध्ये आले आहे. तुटलेली कॉइल बदलावी. नव्या कॉइलची किंमत जळालेल्या प्लगपेक्षा फार नसते.

९. व्होल्टेज १८० वर आले की गिझर किती वॅट देतो? आणि अमेरिकेहून आणलेली किटली येथे लावली तर?

दोन्ही प्रश्नांत रोध कायम धरून व्होल्टेजचा वर्ग करायचा. २००० वॅटच्या गिझरचा रोध २६.४५ ओहम, १८० × १८० ÷ २६.४५ = १२२५ वॅट. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरले, पण शक्ती जवळजवळ एकोणचाळीस टक्क्यांनी उतरली. पाणी उशिरा तापेल, गिझरला मात्र काहीही इजा होणार नाही. मोटरीचे याच्या नेमके उलट आहे.

किटलीचा आकडा पाहून पाहुण्यांना धक्का बसतो. १२० व्होल्टवर १२०० वॅटची किटली म्हणजे १२ ओहम. ती २३० व्होल्टवर लावली तर करंट १९ अँपिअरच्या वर जातो आणि शक्ती ४४०० वॅटच्या. प्लगची पिन बदलून देणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही.

१०. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडी लावायची आहे. तिच्यासोबतचा रोध (रेझिस्टर) किती घ्यावा?

येथे १२ व्होल्टला करंटने भागणे हीच नेहमीची चूक. लाल एलईडी पेटलेली असताना तिच्या स्वतःच्या टोकांशी सुमारे २ व्होल्ट राहतात, आणि रोधाच्या वाट्याला उरलेले १० व्होल्टच येतात. २० मिलिअँपिअर हवे असतील तर १० ÷ ०.०२ = ५०० ओहम. बाजारात ५६० ओहम सहज मिळतो, त्याने करंट १८ मिलिअँपिअरच्या जवळ येतो, आणि डोळ्याला फरक कळत नाही. रोधात होणारी उष्णता ०.१८ वॅट आहे. पाव वॅटचा रोध चालेल, पण मी अर्ध्या वॅटचा घेईन. निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला २ ऐवजी सुमारे ३ व्होल्ट धरावेत.

११. ९ वॅटच्या एलईडी बल्बचा करंट ०.०७ अँपिअर आला. २३० × ०.०७ म्हणजे १६. मग बल्ब ९ वॅटचा की १६ वॅटचा?

बल्ब ९ वॅटचाच आहे. आलेला १६ हा आकडा वॅटचा नव्हे, तो व्होल्टअँपिअरचा, म्हणजे व्हीएचा आहे. घरातला सप्लाय एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, असतो, आणि बल्बातले सर्किट करंट व्होल्टेजच्या तालात घेत नाही, थोड्या थोड्या झटक्यांनी घेते. त्यामुळे नुसत्या गुणाकारातला काही भागच खऱ्या शक्तीत उतरतो. त्या भागाला पॉवर फॅक्टर म्हणतात, आणि येथे तो ९ ÷ १६.१ = सुमारे ०.५६ आहे. एसीवर शक्तीचे पूर्ण सूत्र व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर असे आहे. गिझर किंवा इस्त्रीचा पॉवर फॅक्टर एक असतो, म्हणून प्रश्न १ मध्ये तो लिहावा लागला नाही. घरगुती वीजबिलातली युनिटे वॅटवरून ठरतात. इन्व्हर्टर विकत घेताना मात्र त्याच्यावरचा व्हीएचा आकडा वॅट समजू नये.

१२. चालू मोटरीचे व्होल्टेज भागिले करंट केले तर ३३ ओहम येतात, पण वाइंडिंग मोजले तर ३ ओहम. प्रश्न ५ मधल्या बल्बासारखेच आहे का?

नाही, हे प्रकरण अगदी वेगळे आहे. एक एचपीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेते असे धरू. भागाकार सुमारे ३३ येतो. हे ३३ ओहम वाइंडिंगच्या तांब्याचा रोध नाहीत. एसीवर वाइंडिंगमध्ये बदलते चुंबकत्व तयार होते आणि ते सप्लायच्या व्होल्टेजला विरोध करणारे व्होल्टेज वाइंडिंगमध्येच उत्पन्न करते. करंट आवरला जातो तो मुख्यतः या विरोधामुळे. सगळा विरोध मिळून जो आकडा येतो त्याला इंपीडन्स म्हणतात, आणि तो मोटर रिकामी आहे, भाराखाली आहे की जाम झाली आहे, त्याप्रमाणे बदलतो. मोटर जाम असेल किंवा नुकतीच सुरू होत असेल, तर करंट पूर्ण भाराच्या पाच ते सातपट होतो.

३ ओहमचा उपयोग वेगळ्या कामाला आहे. वाइंडिंगमध्ये किती उष्णता होते, ते त्यावरून कळते: ७ × ७ × ३ = १४७ वॅट. मोटर घेते ती एकूण शक्ती २३० × ७ × पॉवर फॅक्टर, तो ०.८ धरला तर १२८८ वॅट.

आता लो व्होल्टेजकडे पाहू. १८० व्होल्टवर मोटरीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे ६१ टक्के राहते. पंपाला पाणी तर तेवढेच उचलायचे असते. मोटर मंदावते, विरोधी व्होल्टेज कमी पडते, करंट वाढतो. तो ७ वरून ९ अँपिअर झाला, तर वाइंडिंगमधली उष्णता १४७ वरून २४३ वॅटवर जाते. व्होल्टेज कमी, म्हणून करंट कमी आणि म्हणून मोटर सुरक्षित, असे गिझरवरून ठरवणाऱ्यांच्या मोटरी आमच्या बाकावर येतात.

१३. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. मग थ्री फेज मोटर त्याहून जास्त का घेते, आणि तिची शक्ती कशी काढायची?

मोटरीच्या पाटीवरची एचपी ही शाफ्टवर मिळणारी शक्ती असते, सप्लायकडून घेतलेली नव्हे. थ्री फेजसाठी सूत्र १.७३२ × दोन फेजांमधले व्होल्टेज × एका तारेतला करंट × पॉवर फॅक्टर असे आहे. ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर घेतला, तर सुमारे ४३१० वॅट येतात. त्यांतले ३७३० शाफ्टवर मिळतात, बाकीचे मोटर तापण्यात जातात. तीन तारांचे करंट बेरीज करून ४१५ ने गुणण्याची चूक फार जण करतात. त्याने उत्तर १.७३ पटींनी फुगते.

डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फेज गेला आणि मोटर चालूच राहिली, तर तेवढेच काम करण्यासाठी उरलेल्या दोन तारांतला करंट सुमारे १.७३ पट होतो, आणि स्टार जोडणीच्या (तिन्ही वाइंडिंगांचे एकेक टोक एकत्र बांधलेल्या) मोटरीत त्या दोन वाइंडिंगांत उष्णता तिप्पट होते. जळालेली मोटर उघडल्यावर कोणती वाइंडिंगे काळी पडली आहेत यावरून फेज गेला होता की भार जास्त होता, हे पुष्कळदा ओळखता येते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारे उपकरण) काढून ठेवून मोटर ऑटोवर, म्हणजे वीज आली की आपोआप सुरू होईल अशी, सोडणे, ही रात्रीच्या सप्लायवरची सर्वांत महागडी काटकसर आहे.

१४. पेटीवर ४१५ व्होल्ट आहेत, तरी नदीकाठची मोटर जड चालते. केबलचा दोष असू शकतो का?

असू शकतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही. हिशोबाला मोटरीच्या टोकांशी असलेले व्होल्टेज लागते, पेटीतले नव्हे. तांब्याच्या एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. पेटीपासून मोटर ३०० मीटरवर असेल आणि केबल ४ चौरस मिलिमीटरची असेल, तर प्रत्येक तारेचा रोध ०.०१७२ × ३०० ÷ ४ = १.२९ ओहम. प्रश्न १३ मधल्या मोटरीचे ७.५ अँपिअर तिच्यातून गेले, तर फेजांमधले व्होल्टेज १.७३२ × ७.५ × १.२९ = सुमारे १७ व्होल्टने उतरते (पॉवर फॅक्टरमुळे प्रत्यक्षात थोडे कमी), आणि तीन तारांत मिळून ३ × ७.५ × ७.५ × १.२९ = सुमारे २१८ वॅट केबल तापवण्यात जातात. तेवढ्याच जाडीची अ‍ॅल्युमिनिअमची केबल असेल, तर दोन्ही आकडे साठ टक्क्यांहून जास्त वाढतात. पेटीवर ४१५ ऐवजी ३६० आले, की ही घट जीवघेणी ठरते.

सिंगल फेजवर १.७३२ ऐवजी २ ने गुणावे, कारण करंट एका तारेने जातो आणि दुसऱ्याने परत येतो. जाण्या-येण्याची दोन्ही लांबी धरायला लोक विसरतात.

मोटरीजवळ पॉवर फॅक्टर सुधारणारा २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे त्याच्या क्षमतेचे माप) कपॅसिटर लावला, तर केबलमधला करंट ७.५ वरून सुमारे ६.२ अँपिअरवर येतो आणि २१८ वॅटचा तोटा दीडशेच्या आसपास उतरतो. मोटरीची स्वतःची शक्ती त्याने कमी होत नाही. कपॅसिटर पेटीत बसवला तर पेटीपासून मोटरीपर्यंतच्या केबलला त्याचा काहीच फायदा नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो पेटीतच बसवलेला दिसतो.

१५. तारेतला तोटा कमी करायचा तर तार जाड करावी. कोयनेची वीज इतक्या मोठ्या व्होल्टेजवर का नेतात?

तार दुप्पट जाड केली तर तोटा निम्मा होतो, पण व्होल्टेज दुप्पट केले तर तेवढ्याच शक्तीसाठी करंट निम्मा होतो आणि तोटा पावपट होतो. धरण सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आणि मुख्य वीजगृहे घाटाखाली कोकणाच्या बाजूला, अशी कोयना प्रकल्पाची रचना आहे. त्याच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे चार संच आहेत. हे १००० मेगावॅट ४०० किलोव्होल्टवर पाठवले, तर प्रत्येक तारेत सुमारे १४४३ अँपिअर येतात (पॉवर फॅक्टर एक धरून). आपल्या गावच्या डीपीपर्यंत येणाऱ्या ११ किलोव्होल्टवर तीच शक्ती पाठवायची म्हटली, तर ५२ हजारांहून अधिक अँपिअर लागतील, आणि त्याच जाडीच्या तारेत तोटा तेराशे पटींहून अधिक होईल.

येथे एक शंका हमखास येते: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्र लावले, तर व्होल्टेज वाढल्यावर तोटा वाढायला नको का? ते सूत्र लावायचेच असेल, तर त्यात तारेच्या दोन टोकांमधली घट घालावी लागते. ४०० किलोव्होल्ट हे तारांमधले व्होल्टेज आहे, तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे नव्हे.

१६. ओल्या हाताला शॉक जास्त का लागतो? फ्यूज असताना माणूस कसा दगावतो?

कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. ती ओली झाली आणि पाय चिखलात असले, की तो हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच पकडलेला हात सुटेनासा होतो आणि त्याहून थोडाच जास्त करंट जिवावर बेतू शकतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला ०.२३ अँपिअर जाणवतही नाहीत; तो तार वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच) आणि नीट केलेले अर्थिंग (बॉडीची जमिनीशी जोडणी) लागते. स्वतःच्या शरीराचा रोध मल्टीमीटरने मोजून धीर धरणारी मुले मी पाहिली आहेत. मीटरच्या दोन-चार व्होल्टवर कोरड्या बोटांचा आलेला आकडा २३० व्होल्टवर टिकत नाही.

१७. पुरात बुडालेल्या मोटरीचे वाइंडिंग मल्टीमीटरवर पूर्वीइतकेच ओहम दाखवते. सुरू करायला हरकत नाही ना?

हरकत आहे. मल्टीमीटरने वाइंडिंगच्या दोन टोकांमध्ये मोजलेला रोध म्हणजे तांब्याच्या तारेचा रोध, आणि तांबे पाण्यात आठवडाभर राहिले तरी तो बदलत नाही. पाण्याने बिघडते ते तार आणि मोटरीची बॉडी यांच्यामधले इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारे आवरण. त्याचा रोध मेगर या जास्त व्होल्टेज लावणाऱ्या मीटरने, बहुधा ५०० व्होल्ट डीसीवर, मोजतात. एक मेगाओहमवर ५०० व्होल्ट लावले तर फक्त अर्धा मिलिअँपिअर वाहतो. भागाकार तोच आहे, दोन टोके तेवढी वेगळी आहेत. एक मेगाओहमच्या खाली मोटर सुरू करायची नाही, हा आमच्या धंद्यातला जुना किमान नियम आहे, आणि चांगले कोरडे वाइंडिंग याच्या कितीतरी पट दाखवते. मल्टीमीटरच्या थोड्या व्होल्टला दाद न देणारे ओलसर इन्सुलेशन ४१५ व्होल्टला फुटते, म्हणून बॉडीकडे मल्टीमीटर लावून आलेल्या ‘ओपन’वरही विसंबू नये.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर रांगेने आलेल्या मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेल्या) मोटरींत निम्मे काम हेच होते. उघडून चिखल स्वच्छ पाण्याने धुवायचा, पाणी निथळू द्यायचे आणि भट्टीत मंद आचेवर वाळवून दर काही तासांनी मेगर लावायचा. सुरुवातीला वाचन वाढण्याऐवजी उतरते, कारण इन्सुलेशन गरम झाले की त्याचा रोध धातूच्या उलट कमी होतो आणि आतली ओल अजून निघालेली नसते. या टप्प्यावर मोटर गेली असे समजून वाइंडिंग कापून टाकणारे पुष्कळ आहेत. वाचन तळाला जाऊन पुन्हा चढते; चढून काही तास स्थिर राहिले, मोटर थंड झाल्यावर पुन्हा तपासले आणि बेअरिंग बदलले, की मग ती फाउंडेशनवर न्यावी.